कोरं कार्ड

खेळ बुधवारी दुपारी दोनला ठेवला, आणि त्यातच सगळं आलं.

या घराची रीत अशी की सिनेमा लागायच्या तीन आठवडे आधी तो घरच्यांनी पाहायचा. काही काढायचं-घालायचं असेल तर हाताशी वेळ हवा, म्हणून तीन आठवडे. आजोबांनी कापडाच्या दुकानावर ही अठरा खुर्च्यांची खोली बांधली, तेव्हापासून घरचा एकही सिनेमा या रीतीतून सुटला नव्हता. या वेळी सिनेमा दादाचा होता, आणि त्याने मात्र आज-उद्या, आज-उद्या करत शेवटी बुधवार दिला. सिनेमा शुक्रवारी लागणार होता. पक्की प्रत सकाळीच रवाना झाली होती. म्हणजे आता नुसतं पाहायचं, हात लावायची सोय नाही. पाच वर्षं, चारशे घोडे, दोन किल्ले, आणि दिग्दर्शक घरच्यांना बोलावतो तो सगळं हाताबाहेर गेल्यावर. याचा अर्थ न कळण्याइतकं या घरात कोणी दुधखुळं नव्हतं.

जिना चढताना वहिनीने पर्समध्ये हात घालून गाडीची किल्ली चाचपली. होती. गेले पंधरा दिवस ती हेच करत होती. दादा पहाटे उठून गाडी काढायचा आणि दोन-दोन तासांनी परतायचा. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणायचा, "कुठे नाही. असाच." एकदा तिने गाडीचं मीटर पाहिलं तर ते 'असाच' सत्तर किलोमीटर भरलं होतं. तेव्हापासून किल्ली तिच्याकडे असायची, आणि दादाने ती मागितलीही नव्हती. त्याने न मागण्याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

"काकांसारखं काही..." असं एकदा ती नणंदेला म्हणाली होती. ताईने तिला वाक्य पुरं करू दिलं नव्हतं.

काकांचं सगळ्यांनाच पाठ होतं. एकोणीस वर्षांपूर्वी याच खोलीत काकांचा पहिला सिनेमा दाखवला गेला. खेळ संपल्यावर बाबांनी, म्हणजे काकांच्या थोरल्या भावाने, आपलं कार्ड वर धरून आकडा वाचला. एकेचाळीस. एवढ्या आकड्याचा सिनेमा बाहेर काढायचा नाही असं ठरलं आणि तो डब्यात गेला. काका हसले, "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणाले आणि पडद्याशेजारच्या दाराने बाहेर पडले. गाडी तिसऱ्या दिवशी स्टेशनच्या आवारात सापडली. काका आजतागायत सापडलेले नाहीत.

ते दार अजून तिथेच होतं. वहिनीने मुद्दाम त्याच्या सगळ्यात जवळची खुर्ची धरली.

बाबा आधीच आपल्या जागी येऊन बसले होते. धंद्यात त्यांना 'कात्री' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, पण बाबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. पन्नास वर्षं संकलन केलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांची जागा पडद्याच्या खाली, प्रेक्षकांकडे तोंड करून. पडद्याकडे पाठ. मांडीवर पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड, हातात शिसपेन्सिल, आणि डोळे मिटलेले. "नजर गेली की मन जातं," ते म्हणायचे. "मन गेलं की माणूस नातेवाईक होतो. मला नुसतं ऐकायचंय." ऐकायचं म्हणजे खुर्च्या. इथल्या खुर्च्या आजोबांच्या वेळच्या, लाकडी. माणूस जरा सरकला, पायावर पाय टाकला, की कुरकुरायच्या. एक कुरकुर, एक रेघ, आणि शेवटी रेघांची बेरीज, तोच आकडा. नव्या गुबगुबीत खुर्च्या आणायचं निघालं की बाबा म्हणायचे, "त्यापेक्षा माझे कान काढून न्या."

"सुरू करू?" ताईने विचारलं. सिनेमाचं संकलन तिचंच होतं. बाबांची कात्री तिच्याकडे आली होती, बाबांची जीभ मात्र आली नव्हती.

"थांब ग, मला नीट बसू दे," आत्या म्हणाली. ही बाबांची मोठी बहीण. घरात तिला 'रेडिओ' म्हणत. तिने खोकल्याची गोळी तोंडात टाकली, आणखी चार गोळ्या कागद सोडून हातरुमालावर मांडून ठेवल्या, आणि दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवले. वहिनीने ते पाहिलं. मग तिनेही पाठ खुर्चीला टेकवली, पर्स मांडीवर घेतली आणि ठरवलं की आता काही झालं तरी हलायचं नाही. एकही रेघ माझ्या नावाची नको.

कोणी कोणाला काही बोललं नव्हतं. तरी तिघींनी एकच ठरवलं होतं.

दादा मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. दिवे गेले.

*

पहिल्या दहा मिनिटांतच ताईला पडद्याकडे पाहवेना. तिने हा सिनेमा शंभर वेळा पाहिला होता, पण एकटीने. आपलीच चूक चार माणसांत बसून पाहणं वेगळं असतं.

गोष्ट खरं तर काय होती! एक किल्ला, त्याला पडलेला वेढा, आत तीन हजार माणसं आणि एकच विहीर. विहिरीचं पाणी रोज उतरतंय, आणि ते किती उतरलंय हे फक्त राणीला आणि एका म्हाताऱ्या पाणक्याला माहीत आहे. दादाने दहा वर्षांपूर्वी ही गोष्ट स्वयंपाकघरात ओट्याला टेकून सांगितली होती तेव्हा गॅसवरचं दूध उतू गेलं होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग निर्माता आला. त्याच्यामागून मोठा नट आला, आणि नटाला शोभेल असा, मूळ गोष्टीत नसलेला सेनापती आला. सेनापतीला घोडा लागला, घोड्याला मैदान लागलं, आणि गोष्ट किल्ल्याबाहेर जाऊन नाचू लागली. पहिल्या पाऊण तासात तीन गाणी. उपाशी सैनिक एकूण एक व्यायामशाळेतून आल्यासारखे. शत्रू एकटाच तंबूत बसून हसायचा, कशाला ते त्यालाच ठाऊक. कोणी "पाणी संपलं" म्हटलं तरी मागे ढोल वाजायचे. राणी प्रत्येक संकटात आधी केस मोकळे सोडायची.

ताईने दादाला सांगितलं नव्हतं असं नाही. एकदा म्हणाली होती, "घोडे जरा जास्त होतायत का रे?" तेव्हा दादाने तिच्याकडे असं पाहिलं होतं की ती पुढचं बोललीच नाही. त्याच्या डोळ्यांत राग असता तर ती भांडली असती. डोळ्यांत विनवणी होती. त्यानंतर तो म्हणेल तिथे तिने कापलं. विहिरीचा प्रसंग अकरा मिनिटांचा होता, तो त्याने दीड मिनिटावर आणायला लावला. "लोक थांबणार नाहीत एवढं," तो म्हणाला. "उरलेलं पुसून टाक." तिने कापलं, पण पुसलं नाही.

आता ते दीड मिनिट आलं आणि गेलं. राणीने विहिरीत वाकून पाहिलं, समूहगान सुरू झालं, आणि घोडे आले.

ताईला वाटलं, आत्ता कोणीतरी हलेल. आत्याची चुळबुळ तर ठरलेली. पण आत्या पुतळ्यासारखी बसली होती. गोळ्या एकामागून एक जात होत्या, पण खुर्ची गप्प होती. वहिनीचा डावा पाय कडक झालेला दिसत होता. ताईची स्वतःची कंबर मोडत आली होती. खोलीत नुसते ढोल वाजत होते आणि त्यांच्या फटींत चिडीचूप शांतता होती. पेन्सिलीचा आवाज एकदाही आला नाही.

अशी शांतता या खोलीत तिने आजवर ऐकली नव्हती.

*

तीन तास पाच मिनिटांनी दिवे लागले. बाबांनी डोळे उघडले आणि मांडीवर पाहिलं.

कार्ड कोरं होतं.

दादा भिंतीपासून सुटून धावतच पुढे आला. पाच वर्षांत तो एवढ्या जोरात चालला नसेल. त्याने कार्ड उचललं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"एकही नाही?" तो म्हणाला. "बाबा, एकही नाही?"

"नाही."

"असं कधी झालंय?"

"कधीच नाही."

"ऐकलंस?" दादा वहिनीकडे वळला. त्याचा चेहरा महिनाभरात पहिल्यांदा उजळला होता. "मी उगाच मरत होतो. उगाच! हे कार्ड मी चौकटीत लावणार आहे. आत्या, तुला आवडला?"

"काय ते घोडे!" आत्या म्हणाली. "एवढे घोडे मी जन्मात पाहिले नाहीत." हे शंभर टक्के खरं होतं.

वहिनी हसली. हसताना तिच्या पायातून कळ गेली. तिला वाटलं, जमलं. निभावलं. आणि लगेच मागून दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा मोठी. कारण शुक्रवार अजून यायचाच होता.

बाबा दादाकडे पाहत होते. त्यांच्या सगळं लक्षात आलं होतं. पन्नास वर्षांतल्या त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या सिनेमाच्या कार्डावरही सात रेघा होत्या. जिवंत माणूस तीन तास हलल्याशिवाय बसतच नाही. कंटाळला तर हलतो, रंगला तरी पुढे सरकतो. न हलणारा माणूस एक तर झोपलेला असतो, नाहीतर घाबरलेला. आणि इथे कोणी घोरत नव्हतं.

गप्प बसावं, त्यांना वाटलं. एकदा बोलून पाहिलंय. एकदा आकडा वाचून दाखवलाय, आणि भाऊ घालवून बसलोय. आता हा मुलगा हसतोय, हसू दे. दोन दिवस तरी हसेल. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. मग त्यांच्या डोळ्यांसमोर शुक्रवार उभा राहिला. हा पोरगा कोरं कार्ड उराशी धरून भरलेल्या चित्रगृहात मागे उभा राहणार, आणि पंधराव्या मिनिटाला सगळ्या खुर्च्या एकदम वाजणार. तेव्हा याच्या शेजारी घरचं कोणीही नसेल.

त्यांनी दादाच्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं.

"चौकटीत लावू नकोस ते," बाबा म्हणाले.

"का?"

"ते खोटं आहे."

दादाचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला दादा निघून गेला.

"यांनी सिनेमा नाही पाहिला," बाबा म्हणाले. "तीन तास तुला सांभाळत बसल्या होत्या."

दादा एकेकीकडे पाहत गेला. आत्याने रुमालाची घडी घातली. ताईने मान खाली घातली. तो वहिनीपाशी थांबला.

"तीन तासांत एकदाही पाय हलवला नाहीस?"

"मुंग्या आल्या होत्या," वहिनी म्हणाली. "हलवला नाही."

"का?"

"भीती वाटली."

"एवढी भीती वाटते माझी?"

"तुझी नाही," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

दादा पुढच्या खुर्चीत मटकन बसला. खुर्ची केवढ्याने तरी कुरकुरली.

"आता सांगून काय उपयोग, बाबा?" त्याचा आवाज बारीक झाला होता. "प्रत गेली. मी मुद्दाम जाऊ दिली. मला ठाऊक होतं तुम्ही काय म्हणाल. मलाही तेच वाटत होतं. फक्त कोणीतरी नाही म्हणेल तर बरं, असं वाटत होतं."

"उपयोग काही नाही," बाबा म्हणाले. "शुक्रवारी हजार अनोळखी माणसं हलणार आहेत. त्याआधी घरातल्या एकाने तरी हलायला हवं होतं. एवढंच."

वहिनी दादाकडे पाहत नव्हती. तो बसला होता तिथपासून दारापर्यंत किती पावलं आहेत, हे ती मोजत होती. सहा.

"माझ्याकडे विहीर आहे," ताई एकदम म्हणाली. "अख्खी. मी पुसली नव्हती."

दादाने वर पाहिलं. बाबा उठले. गुडघे धरत, खुर्चीच्या हातांवर जोर देत उठले आणि पडद्याखालच्या आपल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बस इथे."

"मी?"

"पडद्याकडे पाठ. आणि हे धर." त्यांनी खिशातली पेन्सिल काढली. ती त्यांनी आजवर कोणाच्या हातात दिली नव्हती. कार्ड दादाच्या हातात होतंच. स्वतः ते आत्याशेजारी, पहिल्या रांगेत बसले, आणि सवयीने डोळे मिटले.

*

अकरा मिनिटांत ना ढोल होते, ना घोडे. पहाट, विहिरीचा काठ, राणी आणि म्हातारा पाणक्या. पाणक्या दोर ओढतो. दोराला हात-हातावर गाठी मारलेल्या. दोर जेवढा पाण्यात बुडतो तेवढाच ओला होतो. राणी बोटांनी चाचपत मोजते, कालच्यापेक्षा दोन गाठी कोरड्या. पलीकडे माणसं उठू लागली आहेत, आता रांग लागेल, दोर सगळ्यांना दिसेल. राणी स्वतःच्या वाट्याचं वाटीभर पाणी उचलते. पाणक्याला वाटतं, आता पिईल. ती ते कोरड्या गाठींवर ओतते आणि हाताने चोळून चोळून भिजवते. "भरपूर आहे," ती रांगेला सांगते. पाणक्या तिच्या ओठांकडे पाहतो. ते फुटलेले आहेत.

दादाला यातलं काहीही दिसत नव्हतं. त्याने डोळे मिटले नव्हते. त्याला फक्त चेहरे दिसत होते, पडद्याच्या उजेडात निळे झालेले. दोर वर येऊ लागला तशी आत्या पुढे सरकली, खुर्ची वाजली. त्याने रेघ मारली. ताईने दोन्ही हात तोंडावर घेतले, रेघ. पाणी ओतल्याचा आवाज आला आणि वहिनी खुर्चीतल्या खुर्चीत अशी वळली, जणू तिला ते थांबवायचं होतं. रेघ. मग ती रडू लागली आणि तिची खुर्ची थांबेचना. रेघ, रेघ, रेघ.

पडदा काळा झाला. खोलीत मिट्ट अंधार.

अंधारात एक माणूस उठल्याचा आवाज आला. पावलं दाराकडे गेली. एक, दोन, तीन. वहिनीने पर्स घट्ट धरली आणि ती उठून उभी राहिली. चार, पाच.

"थांब!" बाबांचा आवाज फाटला. ते धडपडत उठत होते, कोणाच्या तरी खुर्चीला अडखळले. "थांब रे. मी येतो तुझ्याबरोबर."

"कुठे?"

"जाशील तिथे. मागच्या वेळी मी उठलो नव्हतो. बेरीज तपासत बसलो होतो."

बटणाचा आवाज झाला आणि दिवा लागला. दादा दाराशेजारच्या भिंतीपाशी उभा होता, एक हात बटणावर, दुसऱ्या हातात कार्ड.

"दिवा लावायला उठलो, बाबा," तो म्हणाला. "अंधारात रेघा मोजता येईनात."

वहिनी पुन्हा खाली बसली. दादाने पेन्सिलीच्या टोकाने मोजलं.

"सतरा," तो म्हणाला. "अकरा मिनिटांत सतरा. म्हणजे तीन तासांचे किती होतील? हा तर काकांच्या कितीतरी वरचा आकडा झाला."

"हो, पण हे..." बाबा म्हणाले आणि थांबले.

दादाही थांबला. त्याने कार्डाकडे पाहिलं, मग बाबांकडे. रेघा सगळ्या सारख्याच होत्या. आत्याची कुठली, वहिनीची कुठली, कार्डावरून सांगता येत नव्हतं. कंटाळून हललेली रेघ आणि रडताना हललेली रेघ, दोन्ही पेन्सिलीच्याच.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "काकांच्या वेळीही तुमचे डोळे मिटलेलेच होते ना?"

बाबा पडद्याखालच्या आपल्या खुर्चीकडे पाहत राहिले.

"आई माझ्या शेजारी होती," ताई म्हणाली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. "उत्तरार्धात तिची खुर्ची सारखी वाजत होती. पर्समधून रुमाल काढायची, ठेवायची, परत काढायची."

"मला काही बोलली नाही ती." आई जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही आकडा वाचलात."

बाबांनी आत्याकडे पाहिलं, बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं.

"मी कंटाळले होते," आत्या म्हणाली. खोटं बोलायचा तिचा आजचा वाटा संपला होता. "पाच-सहा वेळा तरी मी हलले असेन. बाकीच्यांचं मला नाही माहीत रे. कोणालाच नाही माहीत."

खालच्या दुकानात कोणीतरी कापड फाडल्याचा लांबलचक आवाज आला. बाबा पहिल्या रांगेत जाऊन बसले. एकोणीस वर्षं त्यांनी स्वतःला एवढंच बजावलं होतं की मी कठोर होतो, पण बरोबर होतो. त्या एका शब्दावर ते झोपत आले होते.

"त्याचे डबे आहेत का अजून?" त्यांनी विचारलं.

"वरच्या कपाटात," ताई म्हणाली. "सहाच्या सहा. दर वर्षी मी पुसून ठेवते."

"जुनं यंत्र चालतं?"

"चालतं."

"लाव."

ताई वर गेली. वहिनीने पर्समधून गाडीची किल्ली काढली, क्षणभर मुठीत धरली आणि दादासमोर केली. दादाने मान हलवली. "राहू दे तुझ्याकडे," तो म्हणाला. "शुक्रवारपर्यंत तरी. शुक्रवारी तू चालव. सगळे चला पहिल्या खेळाला. आणि कृपा करून हला."

वहिनी हसली, पण किल्ली तिने पर्समध्ये पुन्हा आतल्या कप्प्यात ठेवली आणि चेन ओढून घेतली.

बाबा उठून पडद्याखालच्या आपल्या खुर्चीकडे गेले. ती फिरवायला त्यांनी हात घातला, पण इतक्या वर्षांत तिचे पाय जमिनीत रुतल्यासारखे झाले होते. दादा पुढे झाला. दोघांनी मिळून खुर्ची उचलली आणि पडद्याकडे तोंड करून मांडली. पेन्सिल दादाने परत करू पाहिली. बाबांनी घेतली नाही.

वर यंत्र खडखडलं. दिवा गेला, आणि पांढरा उजेड पडद्यावर पडला. बाबांनी डोळे उघडे ठेवले. अजून पडद्यावर काहीही आलेलं नव्हतं, तरी पहिली कुरकुरली ती त्यांचीच खुर्ची.